रेड वाइनचं ब्लाइंड टेस्टिंग: गोव्यातल्या घरी या चुका टाळा

ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे बाटली न ओळखता वाइन चाखून गुण देणं, फसतं ते बहुतेक वेळा पहिला घोट घेण्याआधीच. गोव्यात तर हमखास, कारण इथला उकाडा आणि दमट हवा दोन्ही वाइनच्या मुळावर उठलेली असतात.

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. म्हापशात नाहीतर मडगावात खोली सहज 30 अंशांवर जाते. तेवढ्या गरम वाइनमधलं अल्कोहोल थेट नाकात जातं, फळाचा वास दबतो आणि सगळ्याच बाटल्या सारख्या जळजळीत लागतात. ओतताना वाइन 16 अंशांच्या आसपास हवी. त्यासाठी फ्रीजमध्ये अर्धा तास पुरत नाही, दीड-दोन तास लागतात. घाई असेल तर बालदीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. साधारण 15 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली उशिरा थंड होते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. सगळ्या बाटल्या एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर काढा, नाहीतर वाइनऐवजी तापमानालाच गुण दिले जातील.

दुसरी फसवणूक ग्लास करतो. पावसाळ्यात बंद कपाटातल्या ग्लासांना कुबट वास धरतो. बूच खराब झालेल्या वाइनलाही भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, त्यामुळे चांगली वाइन उगाच बाद होते. म्हणून आधी रिकामा ग्लास हुंगा. साबणाशिवाय गरम पाण्याने विसळा, धुतलेल्या सुती फडक्याने पुसा आणि पालथा न घालता उभा ठेवा. वास येत राहिला तर दोन चमचे वाइन ग्लासात फिरवून फेकून द्या. नासाडी वाटेल, पण वास जातो. इथल्या बहुतेक वाइनना आता फिरकीचं झाकण असतं, तेव्हा असा वास आला तर आधी ग्लासावर संशय घ्या. उन्हात किंवा तापलेल्या गोदामात राहिलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी: तिला उकडलेल्या मनुकांचा वास येतो, चव सपाट होते, कधी बूच वर सरकलेलं दिसतं. ती बाद करा आणि तिच्या जागी दुसरी लावा.

मच्छर अगरबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, शेजारच्या चुलीवर तळला जाणारा बांगडा, हे सगळं बाहेर. शाकुती आणि चोरिस गुण देऊन झाल्यावर वाढा. मिरचीने अल्कोहोलचा चटका वाढतो. सोलकढीच्या आंबटपणानंतर वाइन मिळमिळीत लागते. चव घेताना जोडीला साधी पोय (गोव्याचा पाव) आणि पाणी पुरे.

लपवण्यातली गफलत बाटलीच्या आकारात असते. कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांच्या जाती; रुंद, चौकोनी खांद्यांची बाटली बहुधा कॅबर्नेची, उतरत्या खांद्यांची बऱ्याचदा शिराझची. कागद गुंडाळूनही ओळखू येते. वर थंड बाटलीवर दव धरतं आणि वर्तमानपत्र भिजून फाटतं. जाड मोजा चढवा, झाकण आणि मानेवरचं आवरण काढून टाका. एकाने मोजे चढवावेत, मग ज्याने बाटल्या पाहिल्या नाहीत त्याने जागा बदलून आकडे लावावेत. आकार पुरता लपवायचा असेल तर सारख्या जगमध्ये ओता, पण सगळ्याच. एकीलाच हवा लागून चव बदलली तर तुलना संपली.

निवडीत एक धागा ठेवा: नाशिक, अकलूज, नंदी हिल्स, हंपी इथल्या शिराझ एका बाजूला, नाहीतर त्याच भागांतल्या कॅबर्ने. दुकानात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोव्याची गोड वाइन या ओळीत घालू नका. तिच्या साखरेनंतरची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन कडूच लागते. ठेवायचीच तर शेवटी, वेगळी. एका वाइनच्या मात्र मुद्दाम दोन बाटल्या ठेवा, वेगळ्या आकड्यांनी. दोन्हींना एखाद्याने दिलेल्या गुणांत पाचापेक्षा जास्त फरक पडला (20 पैकी), तर त्या व्यक्तीची बाकीची गुणपत्रिका सावध वाचा.

गुण आधी लिहायचे, बोलायचं नंतर. पहिल्याने ‘जांभूळ’ म्हटलं की सगळ्यांनाच जांभूळ येतं.

एका वेळी 50 मिली पुरे; 750 मिलीच्या बाटलीत 15 घोट निघतात. आठ जण आणि सहा वाइन म्हणजे माणशी 300 मिली, म्हणून थुंकायला तांब्या ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याला तो वापरायलाच लावा. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते, ओट्यावर मात्र दुसऱ्या दिवशीच आंबायला लागते.