धार चमकते, पण कापत नाही? सुरीला आरशाची चकाकी देताना या चुका टाळा

सुरीची धार आरशासारखी करायची ठरली, की सगळी चर्चा शेवटच्या दगडाची सुरू होते. ८००० चा घ्यावा की १२००० चा (आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक), शेवटी पट्ट्यावर लावायला हिरवी पेस्ट बरी की हिऱ्याची? पण ही चकाकी बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्याच दगडावर. शेवटच्या दगडावर ते बिघडलेलं फक्त नजरेला येतं.

त्याआधी एक फरक मनात पक्का करून घ्या. पात्याच्या दोन्ही अंगांना धारेचे दोन उतार असतात आणि ते जिथे मिळतात ती कड. चमकायचा असतो तो उतार. कड चमकता कामा नये. चांगल्या लागलेल्या धारेची कड मायक्रॉनभरही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढीही जाड नसते, त्यामुळे ती नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तुम्हाला ती दिसत असेल, तर तिथे उजेड परतवण्याइतका सपाट भाग शिल्लक आहे, म्हणजेच सुरी बोथट आहे. सुरी दिव्याखाली धार वर करून धरा आणि हळूहळू कलती करा. कडेवर पांढरी रेघ दिसली तर तेवढ्या लांबीत धार लागलेलीच नाही. एखादाच ठिपका चमकला तर तिथे खाच आहे किंवा बर, म्हणजे घासताना कडेवर वळलेली पोलादाची पातळ किनार, शिल्लक आहे. ही तपासणी प्रत्येक दगडानंतर करावी. तिला अर्धा मिनिट लागतो आणि पुढचा तासभर वाचतो.

धार लागण्याआधीच पॉलिशच्या मागे लागणं

सगळ्यांत जास्त वेळ याच चुकीत जातो. दोन्ही उतार कडेपर्यंत पोचलेले नसतात, तरी माणूस पुढचा दगड उचलतो. बारीक दगड फारच थोडं पोलाद काढतो. १००० च्या दगडावर काही मिनिटांत झालं असतं ते काम ६००० वर तासभर घासूनही होत नाही. उतार छान चमकायला लागतो, सुरी मात्र कागदावरून घसरते.

उतार कडेपर्यंत पोचला हे कळतं बरवरून. एका बाजूने घासत राहिलं की कडेवरचं पोलाद पातळ होऊन दुसऱ्या बाजूला वळतं. तीच बर. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, अलगद सरकवून बाहेर न्या. शेवटी काहीतरी अडकल्यासारखं लागतं. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका. ही बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. बहुधा मुठीजवळचा इंचभर भाग आणि टोक सुटतं, कारण तिथे हात अवघडतो. सुटलेल्या जागी तेवढंच जास्त घासा आणि मग दुसरी बाजू घ्या.

माझा नियम सोपा आहे: १००० च्या दगडावरून उतरलेली सुरी वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापत नसेल, तर तिला पुढचा दगड दाखवायचा नाही.

कोन डोलणं

प्रत्येक फेऱ्यात कोन थोडा बदलला की उतार सपाट राहत नाही, तो फुगीर होतो. साध्या धारेत हे खपून जातं, कारण थोडा फुगीर उतारही चांगला कापतो. आरशात खपत नाही. हलत्या पाण्यात चेहरा जसा मोडका दिसतो, तसंच फुगीर उतारातलं प्रतिबिंब दिसतं. आणि बारीक दगड त्या फुगीर भागाच्या मध्यावरच टेकतो, कडेजवळची पट्टी धुरकट राहते. उतारात चकचकीत पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टे दिसले, तर दगड बदलून उपयोग नाही. हात स्थिर करून १००० पासून पुन्हा यावं लागेल.

कोन डोळ्यांनी मोजण्यापेक्षा पाठीची उंची मोजा. पातं ५० मिलिमीटर रुंद असेल, तर एका बाजूला १५ अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण १३ मिलिमीटर वर हवी आणि २० अंशांसाठी १७ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा पाठीखाली ठेवून पाहिला की हाताला उंची कळते. सुरीचा मूळ कोन राखायचा असेल तर उतारावर मार्करने काळं फासा, दोन-तीन फेरे मारा आणि शाई कुठली गेली ते पाहा. शाई फक्त वरची, पाठीकडची गेली तर कोन फार कमी आहे. फक्त कडेची गेली तर फार जास्त. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी उचलावी लागते. ती उचलली नाही तर टोकाजवळ पात्याच्या अंगावर ओरखडे उठतात आणि धार तशीच राहते.

हातात स्थिरता येत नसेल तर कोन धरून ठेवणारं साधन वापरण्यात काहीही कमीपणा नाही. एकसारखा आरसा सर्वांत खात्रीने त्यातूनच मिळतो.

ओरखडे कुठले, हे न ओळखता घासत राहणं

पॉलिश म्हणजे आधीच्या दगडाचे ओरखडे पुढच्या दगडाच्या बारीक ओरखड्यांनी पुसत नेणं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ओरखडे त्याच्या आसपास किंवा त्याहून लहान झाले की उजेड विखुरत नाही, सरळ परततो आणि प्रतिबिंब दिसायला लागतं. जपानी मापाच्या १००० च्या दगडाचा कण ११-१२ मायक्रॉनचा, ३००० चा सुमारे ४ चा, ८००० चा १.२ च्या जवळपास. म्हणून १००० वरून थेट ८००० वर उडी मारली की खोल चर तसेच राहतात आणि फक्त त्यांच्यामधले उंचवटे चमकतात. लांबून आरसा वाटतो, दिव्याखाली धरला की रेघाच रेघा. प्रत्येक टप्प्याला आकडा दुपटीतिपटीने वाढवत गेलं तर सहसा अडत नाही.

आकड्यांमध्येही फसगत होते. दगडावरचा १००० आणि ‘पी’ अक्षर असलेल्या वॉटर पेपरवरचा १००० एक नव्हेत. पी १००० चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, म्हणजे जपानी १००० पेक्षा बराच जाड. दगडाचं काम संपवून ‘त्याच नंबरच्या’ पेपरवर गेलात, तर प्रत्यक्षात तुम्ही मागे गेलात. दगड आणि पेपर एकत्र वापरायचे असतील तर मायक्रॉनचा हिशेब धरा.

आता ओरखड्यांचं निदान. दर दगडाला घासण्याची दिशा बदला: एकावर तिरकं, पुढच्यावर आडवं. मग उरलेली रेघ कुठल्या दगडाची ते तिच्या दिशेवरूनच कळतं. एकमेकींना समांतर, जुन्या दिशेच्या रेघांचा गट दिसला तर मागच्या दगडाचं काम अपुरं राहिलं, मागे जा. एकटीच खोल रेघ अचानक उमटली तर जाड दगडाचा कण पुढच्या दगडावर आला आहे. दगड बदलताना सुरी, मूठ, हात, नखं सगळं धुवायचं, पाणी नवं घ्यायचं, फडकंही वेगळं. असा एक कण सगळ्या उताराची वाट लावतो. शोधूनही सापडत नाही, म्हणून दगडाचा माथा घासून धुऊन काढणं हाच उपाय. रेघ दिसत नाही पण सगळाच उतार दुधाळ दिसतो, हा तिसरा प्रकार. पाण्याच्या दगडावर जो राखाडी लगदा जमतो त्यातले सुटे कण पोलादावर लोळतात आणि धूसर छटा देतात. धार लावताना तो लगदा कामाचा असतो. आरसा हवा असेल तेव्हा शेवटचे फेरे मात्र स्वच्छ धुतलेल्या दगडावर, ताज्या पाण्यात, जवळजवळ बिनवजनाचे मारा.

डायमंड प्लेट म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पाटी. तिच्याबद्दल सावध राहा. नव्या प्लेटवर काही कण वर आलेले असतात आणि ते फार खोल चर पाडतात. ज्या सुरीवर आरसा हवा तिच्यासाठी नवी प्लेट वापरू नका, आधी जुन्यापान्या पोलादावर ती रुळू द्या.

खोलगट दगड

दगड मध्ये झिजतो आणि खोलगट होतो. त्यावर कोन कितीही जपला तरी उतार फुगीरच येणार. माथ्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सपाट डायमंड प्लेटवर किंवा जाड काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर पाण्यात घासा. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला. आणि दगड भिजवण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते वाचा; काही दगडांना भिजत ठेवावं लागतं, मॅग्नेशियाने बांधलेले दगड मात्र तासन्‌तास पाण्यात राहिले की नरम पडतात आणि वाळताना तडकतात.

बर तशीच ठेवून तिलाच पॉलिश करणं

ही चूक कपटी आहे, कारण सुरुवातीला ती यशासारखी दिसते. बर निघालेली नसते, बारीक दगडांवर ती पातळ आणि सरळ होत जाते आणि कडेवर उभी राहते. अशी सुरी हातावरचे केसही कापते. मग भाजी चिरायला घेतली की दहाबारा कापांत ती पातळ पत्री दुमडते आणि सुरी मुकी होते. ‘पोलादच वाईट’ असा शेरा मिळतो. पोलाद बिचारं ठीक असतं.

कागद कापताना एका बाजूला झुकवलं की छान कापतं आणि दुसऱ्या बाजूला झुकवलं की घसरतं, असं झालं तर बर एका अंगाला वळलेली आहे, हे समजा. ती काढायची जागा प्रत्येक दगडावर आहे, फक्त शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर नाही. दगडाचं काम झालं की दाब कमी करत जा, मग एक फेरा या बाजूने, एक त्या बाजूने, धार पुढे ठेवून, सुरीच्या स्वतःच्या वजनाहूनही हलक्या हाताने. काही जण लाकडात किंवा बुचात धार ओढून बर तोडतात. मला ते पटत नाही. बर मुळाशी फाटते आणि कड दातेरी राहते. झिजवून काढलेली बर बरी.

पट्ट्यावर जोर काढणं

चामड्याचा पट्टा मऊ असतो. दाबलं की चामडं खचतं आणि सुरीच्या मागे उसळून कडेला वळसा घालतं. परिणाम असा की उतार लखलखतो आणि कड गोल होते. दिव्याखाली पांढरी रेघ परत येते. यावर आणखी पट्टा मारणं म्हणजे दुखणं वाढवणं. ३००० च्या आसपासच्या दगडावर परत जा आणि कड पुन्हा जुळवा.

पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, कोन दगडाएवढा किंवा किंचित कमी, दाब नावापुरता. फेरा संपताना मनगट वळवून सुरी उचलायची सवय असेल तर ती सोडा. आधी थांबा, मग सरळ वर उचला. शेवटच्या त्या वळणात कोन वाढतो आणि सगळी मेहनत तिथे गोल होते. पेस्ट पातळ लावा, आणि एका पट्ट्याला एकच पेस्ट.

नुसतं कोरं चामडं ओरखडे काढत नाही. चमक येते ती पेस्टमधल्या कणांमुळे. हिरव्या पेस्टमधलं क्रोमियम ऑक्साइड साध्या पोलादावर सुंदर काम करतं. पण पोलादात व्हॅनेडियम भरपूर असेल तर त्यातले कार्बाइडचे कण क्रोमियम ऑक्साइडपेक्षाच काय, दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात. अशा सुरीवर किती घासलं तरी चमक येत नाही, यात दोष हाताचा नसतो. तिथे १ मायक्रॉन आणि मग ०.५ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट घ्या.

बफिंगच्या चाकाचा मोह

बफिंगच्या, म्हणजे पॉलिश करणाऱ्या मशीनच्या फिरत्या चाकावर आरसा दोन मिनिटांत येतो, हे खरं. तितक्याच वेळात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे उष्णता. कडेवर पोलाद इतकं पातळ असतं की बाकी पातं हाताला गार लागत असताना कड भाजलेली असते. साध्या कार्बन पोलादावर २०० अंश सेल्सिअसच्या पुढे फिकट पिवळा रंग दिसायला लागतो आणि ३०० च्या आसपास निळा. निळी झालेली कड नरम पडली. तेवढं पोलाद घासून टाकण्यावाचून इलाज नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. धार चाकाच्या फिरण्याच्या समोर आली की चाक सुरी हिसकावून फेकतं. धार नेहमी चाक जिकडे जातं त्या दिशेला असावी, सुरी चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला लावावी, चष्मा हवा, सैल बाह्या नकोत. सवय नसेल तर चाकाला हात लावू नका.

प्रत्येक सुरीवर आरसा

नरम पोलादाच्या स्वस्त सुरीवर आरसा येतो, पण टिकत नाही. रॉकवेल मापावर ५८ च्या पुढे कडकपणा असलेल्या पात्यावर ही मेहनत सार्थकी लागते. आणि काम कोणतं तेही पाहा. लाकूड कोरणं, पातळ काप सरळ दाबून काढणं, दाढी करणं, इथे गुळगुळीत कड उत्तम. टोमॅटोची साल किंवा दोर ओढून कापायचा असेल, तर १००० ते २००० च्या दगडाची किंचित दातेरी कड जास्त पकडते.

दोन्ही हवं असेल तर उतार शेवटपर्यंत आरसा करा, मग कोन दोन-तीन अंशांनी वाढवून २००० च्या दगडावर दोन्ही बाजूंनी चार-पाच अगदी हलके फेरे मारा. कडेवर इतकी अरुंद नवी पट्टी पडते की ती भिंगाशिवाय दिसत नाही. उताराची चकाकी तशीच राहते आणि सुरी साल पकडायला लागते.