दोन सीटचा जायरो किटमधून बांधताय? या चुका टाळा

इथे अमेरिकेत घरी बांधलेल्या ऑटोजायरोच्या (डोक्यावर फिरती पाती म्हणजे रोटर, ढकलायला वेगळा प्रोपेलर असं छोटं उडतं यंत्र) पहिल्या टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर चालवून बघायला, लोक मला बोलावतात. बघायला मिळते तीच घाई.

जायरोचा रोटर उडताना इंजिन नव्हे, वारा फिरवतो. जमिनीवर रोटरला गती देणारा प्री-रोटेटर फक्त सुरुवात करून देतो. दोन सीटच्या बहुतेक जायरोंचा रोटर हवेत मिनिटाला ३०० ते ४०० फेरे घेतो. फेरे पुरेसे नसताना मशीन पळवलं की पुढे येणारं पातं वर उसळतं, मागे जाणारं खाली आपटतं आणि स्टिक, म्हणजे चालवायची दांडी, हाताला ठोके देऊ लागते. विमान उडवण्यात मुरलेल्या एका गृहस्थांनी समजावून सांगितलेलं कानाआड केलं आणि थेट फुल थ्रॉटल दिला. स्टिक धडधडतेय, तरी गडी थांबेना! पात्याने शेपूट छाटली, प्रोपेलरचे तुकडे धावपट्टीभर. माणूस धडधाकट उतरला आणि म्हणाला, ‘‘प्री-रोटेटर कमजोर होता.’’ त्या बिचाऱ्या प्री-रोटेटरला काहीही झालेलं नव्हतं.

मी वाऱ्याला तोंड करून, स्टिक मागे धरून, चालण्याच्या वेगाने निघतो. फेरे वाढतील तसाच थ्रॉटल. पहिला ठोका जाणवला की थ्रॉटल बंद, स्टिक पुढे.

दुसरी खोड म्हणजे आडवी शेपूट ‘नंतर बसवू’ म्हणणं. कॅनडाचं आरएएफ २००० हे जायरोचं किट मुळात तिच्याविनाच यायचं, आणि त्याच्या प्रोपेलरचा जोर गुरुत्वमध्याच्या वरून लागायचा. अशा मशीनमध्ये रोटरवरचा भार क्षणभर हलका झाला की तोच जोर नाक खाली दाबतो. सावरायला वेळच उरत नाही. ग्लासगो विद्यापीठाने ब्रिटनच्या सीएएसाठी (तिथलं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण) केलेल्या अभ्यासातून पुढे आलेली मर्यादा आहे दोन इंच: जोराची रेषा गुरुत्वमध्याच्या वर-खाली त्याहून लांब नको. म्हणून मशीन दोन वेगवेगळ्या बिंदूंवरून टांगा, दोन्ही वेळा ओळंबा सोडा. रेषा छेदतील तिथे गुरुत्वमध्य. हे दोन्ही सीटवर वजन ठेवून पुन्हा करा, कारण खाली बसलेला दुसरा माणूस तो आणखी खाली ओढतो. एवढ्यासाठी अर्धा दिवस जातो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी पतंग उडवावेत.

बाकी किरकोळ. एकदा काढलेला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) पुन्हा वापरू नका. रोटर हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजाने नव्हे, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळा. आणि इथे चाचणीचे तास पुरे होईपर्यंत प्रवासी नेता येत नाही. दुसऱ्या सीटवर वाळूची पोती बांधा, मेव्हण्याला नको.