प्लॅनेट झू: पिंटू वयात येण्याआधी

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि तिकडे कॉम्प्युटरवरच्या खेळात गोरिलांच्या आवारात मारामारी लागली. गॅस बंद करून खुर्चीवर परत येईस्तोवर पिंटूने दादासाहेबांना लोळवलं होतं. दादासाहेब म्हणजे माझा पहिला गोरिला, चंदेरी पाठीचा, हप्ते भरल्यासारखे खेळातले क्रेडिट साठवून आणलेला. पिंटू त्यांचाच मुलगा, याच आवारात जन्मलेला, कालपरवापर्यंत आईच्या मागेमागे फिरणारा. माझा स्वतःचा मुलगा मागून ओरडला, "आई, पॉज कर नं! काहून बघत बसलीस?"

मी बघत बसले, कारण मला काही कळलंच नव्हतं. तीन माद्या सुखात, जेवण वेळेवर, आवार ऐसपैस. मग भांडण कशाचं?

मी चंद्रपूरला औषधांच्या एका होलसेल दुकानात हिशेब बघते. दिवसभर बॅच नंबर, एक्सपायरी आणि परतीचा माल. रात्रीची जेवणं आटोपली की मुलाचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात येतो आणि मी प्राणिसंग्रहालय चालवते. प्लॅनेट झू हा खेळ केंब्रिजच्या फ्रंटिअर कंपनीने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी काढला. आमच्या घरी तो आला मुलासाठी, राहिला माझ्याकडे. त्यात जनावरांच्या मारामाऱ्या कशा आवरायच्या हे मी बरंच नुकसान सोसून शिकले. ते शिकले तसंच सांगते.

भांडणाची सूचना आली की पहिलं काम म्हणजे खेळ थांबवा. बाकी सगळं नंतर. या खेळात वर्ष काही मिनिटांत सरतं, त्यामुळे "जरा बघू काय होतंय" म्हणेपर्यंत एक जण जखमी होऊन बसलेला असतो. सूचनेवर टिचकी मारली की कॅमेरा थेट त्या जनावरापाशी जातो. दोघांवर एकेकदा क्लिक करा आणि दोनच गोष्टी बघा, नर की मादी आणि वय किती. माझ्याकडे दहातल्या नऊ वेळा दोन वयात आलेले नरच निघतात. एक आधीचा मुख्य, दुसरा त्या जागेवर डोळा असलेला.

आता कोणाला बाहेर काढायचं? पहिल्या वेळी मी माणुसकी दाखवली. दादासाहेब जखमी, म्हणून त्यांना क्वारंटाइनमध्ये हलवलं आणि जिंकलेल्या पिंटूला आत ठेवलं. झालं काय, तर पिंटू मुख्य नर झाला आणि आवारात उरली कोण? त्याची आई आणि दोन बहिणी. पुढची पिल्लं कशी झाली असती ते सांगायला नको. खेळात प्रत्येक जनावराचे आकार, आयुष्य, प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकार असे चार आनुवंशिक आकडे असतात आणि जवळच्या नात्यात जोड्या लागल्या की त्यांचा बट्ट्याबोळ होतो. तेव्हा कोण जिंकला हे विसरा. ज्याचं आवारातल्या माद्यांशी नातं नाही तो आत राहील, नात्यातला बाहेर जाईल. जुना नर अगदीच म्हातारा झाला असेल तर बाप-लेक दोघांनाही काढा आणि बाजारातून तिसराच, बिननात्याचा नर आणा.

जखमी असेल त्याला मात्र हलवण्याच्या घाईत विसरू नका. जनावराच्या पॅनेलमध्ये व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, बोलावण्याचं बटण आहे. बटण दाबूनही व्हेट येत नसेल तर बहुतेक वेळा दोष रस्त्याचा असतो. आवाराचं दार कर्मचाऱ्यांच्या वाटेला जोडलेलं नसतं, किंवा वाट दवाखान्यापर्यंत पोचतच नसते. माझी वाट एकदा फक्त एका फरशीने तुटली होती. व्हेट बिचारी कँटीनपाशी येरझाऱ्या घालत होती आणि मी तिला शिव्या देत होते.

ही झाली आग विझवण्याची गोष्ट. पण खरं काम आधीचं आहे, आणि ते हिशेबाचं आहे.

खेळात झूपीडिया नावाचा कोश आहे. प्रत्येक जातीच्या पानावर सामाजिक माहिती असते. गटात एकूण किती, त्यात नर जास्तीत जास्त किती, माद्या किती, आणि नुसत्या नरांचा किंवा नुसत्या माद्यांचा गट ठेवला तर किती. जनावर विकत घेण्याआधी हे पान वाचायचं. गोरिलांचं गणित साधं आहे: माद्या अनेक, मोठा नर एक. मी पान वाचलं होतं, नर एकच आणला होता, तरी फसले. कारण त्या मोजणीत पिल्लं धरत नाहीत. पिंटू लहान होता तोवर आवारात नर एकच होता. ज्या दिवशी तो वयात आला त्या दिवशी कोणीही आत न येता नर दोन झाले.

हे लक्षात आलं तेव्हा मला हसूच आलं, कारण हे तर माझं रोजचंच काम. कपाटातली बाटली आज विकाऊ माल असते आणि महिना उलटला की तीच परतीच्या खोक्यात जाते. बाटली काही बदलत नाही, तारीख उलटते. आम्ही दुकानात काय करतो? तारीख उलटायची वाट बघत नाही. तीन महिने राहिले की नियर एक्सपायरीच्या वहीत नाव चढतं.

तीच वही मी खेळाला लावली. पिल्लू जन्मलं की पहिल्यांदा नर की मादी बघते. मादी असेल तर सध्या सोडून देते. नर असेल तर झूपीडियात त्या जातीचं वयात येण्याचं वय बघते, ते खेळातल्या चालू वर्षात मिळवते आणि एक वजा करते. तो आकडा पिल्लाच्या नावापुढे लावते. खेळात नाव बदलता येतं, त्याचा हा सगळ्यात चांगला उपयोग. समजा वर्ष १४ चालू आहे आणि जनावर सहाव्या वर्षी वयात येतं, तर त्याचं नाव "पिंटू १९". मग प्राण्यांची यादी उघडली की नुसती नावांवरून नजर फिरवायची. १९ साल लागलं की ज्यांच्या नावापुढे १९ आहे त्यांची जागा बघायची. वर्षभर हातात असतं, भांडण व्हायच्या आत खोकं भरलं जातं.

जागा म्हणजे तीन वाटा. ट्रेड सेंटरला पाठवून विकणं ही पहिली. जंगलात सोडणं ही दुसरी, त्यात संवर्धनाचे क्रेडिट मिळतात आणि मनालाही बरं वाटतं. तिसरी वाट नुसत्या नरांच्या वेगळ्या आवाराची. झूपीडियात त्या जातीला तशी परवानगी असेल तर भावा-भावांना एकत्र ठेवता येतं. खऱ्या प्राणिसंग्रहालयांतही गोरिलांचे असे नरगट ठेवतात, कारण नर-माद्या जन्मतात साधारण सारख्याच आणि कुटुंबात मोठ्या नराला जागा एकच. पण या आवारात चुकून एक मादी सोडलीत तर पुढचं मी सांगणार नाही.

पिल्लंच कमी झाली तर? त्यासाठी गर्भनिरोधक आहे. जनावराच्या पॅनेलमध्ये ते चालू-बंद करता येतं, आणि बंद केलं की पिल्लं पुन्हा सुरू. मी एका वेळी एकाच मादीचं बंद ठेवते, बाकीच्यांचं चालू. नव्याने खेळणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि मग वॉर्टहॉगसारखी (ही आफ्रिकेतली रानडुकरं) भराभर वाढणारी जनावरं घरभर होतात. खेळ नवा होता तेव्हा बाजारात बघावं तिकडे वॉर्टहॉगच विकायला असायचे. त्यातले काही माझेही होते, कबूल करते.

वाघाचा हिशेब वेगळा ठेवा. गोरिला कळपाचं जनावर, वाघ एकांडा. बंगाल टायगरच्या पानावरचा गटाचा आकडा इतका लहान आहे की पहिल्या वेताची पिल्लं मोठी झाली की आवार भरलंच समजा. इथे नर-मादी भेद करत बसू नका, पोरीही हलवाव्या लागतात. आम्हा चंद्रपूरकरांना हे कोशात वाचायची गरज नाही. ताडोब्यातली पिल्लं दोनेक वर्षांची झाली की आईपासून सुटतात, आणि तरुण नर जागा शोधत शेतशिवारातून फिरतात तेव्हा आमच्याकडे त्याचीच चर्चा असते. ज्या २०१९ साली हा खेळ आला, त्याच साली यवतमाळच्या टिपेश्वरचा एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तेलंगणातून फिरून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथवर चालला किती, तर सुमारे १,३०० किलोमीटर. खेळातल्या वाघाला चालत जायला वाटच नाही, चारी बाजूंनी काच आहे. त्याला तुम्ही खोक्यात घालून नेलं नाही, तर तो जाणार कुठे?

एक गैरसमज माझ्या मुलाने माझ्या गळ्यात मारला होता, तो तुमच्या गळ्यात पडू नये. तो म्हणाला, "खेळणी टाक, शांत होतील." मी टाकली. चेंडू टाकले, खाऊ लपवायची खोकी टाकली, संशोधनावर पैसे घातले. माद्यांचं सुख वाढलं, नर चेंडूला वळसा घालून भांडले. ताण वेगळा आणि मुख्य नराची जागा वेगळी. ताण दिसतो तो जनावराच्या सुखाच्या पट्टीत. गर्दी काचेला टेकली असेल, लपायला आडोसा नसेल, जागा अपुरी असेल तर ताण चढतो. त्यावर उपाय एकतर्फी काच, आणि पाहुण्यांच्या नजरेआड एक भक्कम निवारा. मी निवाऱ्याचं तोंड कायम रस्त्याच्या उलट्या बाजूला ठेवते. हे सगळं जरूर करा. पण आवारात दोन मोठे नर असतील तर यातलं काहीही मारामारी थांबवणार नाही.

वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायच्या असतील तर झूपीडियात कोणाचं कोणाशी जमतं ते दिलेलं असतं, आणि जमणाऱ्या जाती सोबत ठेवल्या की दोघांचंही सुख वाढतं. झेब्रा आणि विल्डबीस्ट हे माझं आवडतं बिऱ्हाड. चित्त्याच्या आवारात स्प्रिंगबॉक हरीण सोडलंत तर जे होईल त्याला आक्रमक वर्तन म्हणू नका, ते जेवण आहे. माझ्या हातून हे एकदा झालं, खोकं उचलून ठेवताना एक आवार चुकलं. तेव्हापासून खोकं ठेवण्याआधीही पॉज.

कुंपणाचं थोडक्यात. ते झिजतं, तेव्हा मेकॅनिकला कामाचा विभाग नेमून द्या, नाहीतर तो दुसऱ्या टोकाला दिवे दुरुस्त करत बसतो. जनावर बाहेर पडलं तर व्हेट भुलीची बंदूक घेऊन धावते. पाहुणे किंचाळत पळतात, पण खाल्ला कोणी जात नाही. घाबरू नका, खेळ थांबवा आणि आधी भगदाड शोधा.

माझी वही आता चांगली भरली आहे. नावापुढच्या आकड्यांखेरीज कोणाला विकायचं, कोणाला जंगलात सोडायचं, हेही लिहावं लागतं. घरी सुटा कागद सापडत नाही म्हणून मी ते दुकानातल्या नियर एक्सपायरीच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले. मागच्या आठवड्यात मालकांनी वही चाळली. चष्मा कपाळावर सरकवून, बोट एका ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हा पिंटू १९ कोणत्या कंपनीचा? आणि याला परत न पाठवता जंगलात सोडायचा म्हणजे काय?"