शब्दमेघ करताना प्रत्यय काढा

मेंटिमीटर या ऑनलाइन साधनावर वर्गाला विचारा, 'पाऊस म्हटलं की काय आठवतं?' मुलांच्या उत्तरांचा शब्दमेघ, म्हणजे शब्दांचा ढगासारखा पुंजका तयार होतो. जो शब्द जास्त वेळा येतो, तो पडद्यावर मोठा दिसतो. मराठीत मात्र एक अडचण हमखास येते. 'छत्री', 'छत्र्या', 'छत्रीत' हे संगणकाला तीन वेगळे शब्द वाटतात आणि मुलांचं सगळ्यात लाडकं उत्तर बारीक अक्षरांत हरवतं. म्हणून 'एकच शब्द, प्रत्यय न लावता' ही सूचना फळ्यावर लिहाच. मोबाइल नसतील तर चिठ्ठ्या गोळा करून तुम्हीच टाइप करा. दुसऱ्या एखाद्या साधनात धड्यातला उतारा चिकटवणार असाल, तर 'आणि', 'आहे', 'पण' आधी काढून टाका. काना-मात्रा तुटक दिसल्या तर देवनागरी फॉन्ट निवडा. यादीत 'मुक्ता' हा फॉन्ट असेल तर उत्तमच. आणि फक्त मोठ्या शब्दांवर थांबू नका: कोपऱ्यातला एकटा 'चिखल' कुणाचा, हे आवर्जून विचारा.