फाइल कुठल्या टप्प्यावर आहे? शहरातल्या झाडांसाठी, रस्त्यांसाठी, जमिनीसाठी नव्याने उभं राहणाऱ्यांना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात रस्त्याकडेची झाडं तुटायला लागली, टेकडीवर जेसीबी चढला किंवा एखादा सायकलवाला डंपरखाली गेला, की दोन-चार दिवस माणसं रस्त्यावर येतात. त्यातली थोडी नंतरही मागे राहतात आणि विचारतात, आता पुढे काय करायचं? हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी हे काम नोकरी आणि घर सांभाळून बरीच वर्षं करते आहे. जे येतं ते सुनावण्यांना बसून, महापालिकेच्या नकाशांवर वाकून आणि माझ्याआधी या कामात असलेल्या ज्येष्ठांच्या मागे मागे फिरून आलेलं आहे.

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारायला शिकवते: ही फाइल आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? टेकडीतून जाणारा रस्ता एका दिवसात येत नाही. आधी तो विकास आराखड्यात, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात, एक रेघ म्हणून येतो. मग सल्लागार नेमला जातो, अंदाजपत्रकात तरतूद होते, एस्टिमेट मंजूर होतं, निविदा निघते, वर्क ऑर्डर दिली जाते. झाडं तोडायच्या परवानगीचा अर्ज येतो तो जवळजवळ शेवटी. आणि आपल्याला कळतं ते तेव्हाच, कारण तेव्हा झाडावर कागद चिकटवलेला दिसतो. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्याचा कायदा जाहीर नोटीस द्यायला लावतो, पण हरकतीला मुदत मिळते ती बहुधा ७ दिवसांची. तोवर पैसे मंजूर झालेले असतात, ठेकेदार ठरलेला असतो, आणि अधिकाऱ्याला थांबायचं म्हटलं तरी थांबणं अवघड झालेलं असतं.

मुंबईतल्या आरेचं उदाहरण घ्या, जिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं गेली होती. त्या रात्री तिथे धावून गेलेल्या, अटक झालेल्या मुलामुलींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळे हा विषय देशभर पोचला. पण शेवटच्या टप्प्यावर हातात किती कमी वेळ उरतो, हे त्या तीन दिवसांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आता त्याच शहरातली आधीच्या टप्प्यावरची गोष्ट. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले, वारसा वास्तू गाळलेल्या, अशा चुका लोकांनी आपापल्या गल्लीत बसून शोधल्या. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. अंतिम आराखडा सगळ्यांच्या मनासारखा झाला असं नाही, पण एका महानगराचा आख्खा मसुदा मागे गेला, आणि त्यात सामान्य माणसांनी दिलेल्या अर्जांचा मोठा वाटा होता.

म्हणून डीपी वाचायला शिका. आपला कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. तो पाठ करायची गरज नाही, पण काही कलमं ओळखीची हवीत. कलम २६ खाली मसुदा जाहीर होतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात; मुदत जाहिरातीत छापलेली असते, साधारण ३० दिवसांची. कलम २८ खाली नियोजन समितीसमोर सुनावणी होते. आपल्या भागाचा नकाशा मिळवा, त्यावर आपलं घर, शाळा, ओढा, मैदान शोधा आणि मग तो कागद हातात घेऊन प्रत्यक्ष चाला. नकाशावर हिरवं दिसतं तिथे जमिनीवर काय आहे, हे चालल्याशिवाय कळत नाही.

हरकत एका पानात बसवा: सर्व्हे नंबर, आराखड्यात काय दाखवलं आहे, जागेवर प्रत्यक्षात काय आहे, आणि तुम्हाला नेमका कोणता बदल हवा आहे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. पर्यावरणाचा ऱ्हास थांबवा असं लिहिलेल्या अर्जावर समिती काहीच करू शकत नाही. अमुक सर्व्हे नंबरमधून दाखवलेला रस्ता रद्द करा असं लिहिलं तर तिला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. छापील एकसारखे हजार अर्ज गेले तर ते एका गठ्ठ्यात ऐकले जातात. वेगवेगळ्या घरांतून आपापल्या माहितीने लिहिलेले पन्नास अर्ज त्याहून जड भरतात, असा माझा अनुभव आहे. सुनावणीत मिनिटं मोजकी मिळतात. तेव्हा एकच मुद्दा बोला, एकच फोटो दाखवा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घ्या.

डीपी मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. खरी झीज नंतर होते. कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतात; त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. एखाद्या मैदानाचं आरक्षण, म्हणजे ती जागा आराखड्यात कशासाठी राखून ठेवली आहे ते, बदलतं ते इथे. आणि कलम १२७ तर प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावंच. आरक्षित जागा आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. म्हणजे नकाशावर बाग आहे म्हणून पुढेही बाग होईलच असं नाही. आमच्या गटाचा नवीन मुलांसाठीचा पहिला गृहपाठ हाच असतो: आपल्या प्रभागातली ताब्यात न आलेली आरक्षणं कोणती आणि त्यांपैकी किती जागांवर कलम १२७ ची नोटीस आली आहे, हे माहिती अधिकारात विचारायचं. उत्तर येईपर्यंत त्यांना आपला प्रभाग पाठ झालेला असतो.

माहिती अधिकाराबद्दल थोडं. २००५ चा कायदा, अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे नेमकं लिहायची सवय लागते. का, कशासाठी, असे प्रश्न विचारू नका, कागद मागा. निविदेची प्रत, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची, पानं, पत्रव्यवहार आणि टिपणीची पानं. त्याहून चांगलं म्हणजे फाइल पाहायला मागा. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो, आणि फाइल उलगडली की आपण मागितलाच नसता असा कागद बरेचदा हाती लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला आहे. त्याची प्रत जवळ ठेवा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. अपील म्हणजे भांडण नव्हे. बरीच माहिती अपिलातच मिळते.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. झाडं आणि सायकल ट्रॅकचे अर्ज सहसा कुणाला झोंबत नाहीत, पण जमिनीचे झोंबतात. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांबद्दल माहिती अधिकारात विचारत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली. नवीन माणसाने जमिनीच्या प्रकरणात एकट्याच्या नावाने अर्ज करू नये. चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज द्यावेत, सगळ्या प्रती एकाहून जास्त ठिकाणी असाव्यात, आणि हातात आलेली माहिती दाबून न ठेवता लवकर सर्वांसमोर मांडावी. धमकी आली तर ती लेखी तक्रारीत उतरवा, मग ती कितीही किरकोळ वाटो.

सायकलचं काम याच्या मानाने सोपं वाटतं, पण त्यात बारकावे फार आहेत. सायकल ट्रॅक हवा ही मागणी अपुरी आहे, कारण पुष्कळ ठिकाणी ट्रॅक बांधलेले असतात आणि त्यावर कुणीच सायकल चालवू शकत नाही. का, ते मोजून दाखवायला हवं. टेप आणि मोबाइल घेऊन जा. रुंदी किती, मध्ये विजेचा खांब किंवा विजेच्या वितरणाची पेटी कुठे, प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक किती खाली-वर होतो, बसथांब्यापाशी तो कुठे गायब होतो, चौकात सायकलवाल्याने नेमकं कुठून जायचं. अपघाताचा सगळ्यात मोठा धोका चौकात असतो, आणि ट्रॅक बहुतेक वेळा चौकाच्या अलीकडेच संपतो. भारतीय रस्ते काँग्रेसची सायकल मार्गांसाठी आयआरसी ११ ही मानकं आहेत, २०१५ मध्ये सुधारलेली. पत्रात त्यांचा उल्लेख करा, म्हणजे अभियंत्याला ते त्याच्या भाषेत कळतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याच्या आखणी-बांधणीत मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण चूक नेहमी सायकलवाल्याचीच या गृहीतकाला कायद्याने छेद दिला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मोजणी हे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात करता येण्यासारखं काम आहे. सकाळी गर्दीच्या तासाला एका चौकात उभं राहायचं आणि जाणाऱ्या सायकली मोजायच्या: शाळेची मुलं किती, बायका किती, कामावर जाणारे किती. हेल्मेट घालून व्यायामाला निघालेल्यांपेक्षा सिक्युरिटी गार्ड, गवंडी, पेपर टाकणारी मुलं, घरकामाला जाणाऱ्या ताई यांची संख्या जास्त भरते, हे बघून नवीन मुलं चकित होतात. ही माणसं आपल्या बैठकीला कधीच येत नाहीत, कारण बैठकीच्या वेळी ती कामावर असतात. त्यांच्यापर्यंत आपण जायचं. सकाळच्या नाक्यावर किंवा शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर दहा मिनिटं बोललात, तरी रस्ता कुठे जीव घेणारा आहे ते तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळेल. जिथे सायकलच्या चळवळीत हे बोलणं होत नाही, तिथे ती नदीकाठच्या रविवारच्या फेरीपुरती उरते. मला ते मान्य नाही.

आमच्या भागात एका उतारावर पावसाळी चेंबरच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवल्या होत्या. सायकलचं चाक सरळ आत जायचं. आम्ही फोटो आणि मोजमाप घेऊन कनिष्ठ अभियंत्यांना जागेवर बोलावलं. ते आले, स्वतः एका मुलाची सायकल हातात धरून जाळीवरून नेऊन पाहिली, आणि जाळ्या फिरवून आडव्या बसवून घेतल्या. ना ठराव, ना निविदा. तेव्हापासून मी मुलांना सांगते की कुठला निर्णय कोणाच्या हातात आहे ते आधी बघा. जाळी, खड्डा, पुसलेला झेब्रा कनिष्ठ अभियंत्याच्या पातळीवर सुटतो. चौकाची आखणी बदलायची तर रस्ते विभाग आणि वाहतूक पोलीस दोघंही लागतात. एकाच ठिकाणी वारंवार जीव जात असतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. आयुक्तांना थेट निवेदन देऊन फोटो काढून परत येणं यातलं काहीच करत नाही.

टेकड्या आणि ओढे यांचं काम मात्र वर्षांचं नव्हे, पिढ्यांचं असतं. पुण्यात १९९७ साली २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या टेकड्या आणि उतारांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण टाकायची मागणी तेव्हापासून लावून धरली गेली आणि सुमारे ९७८ हेक्टरच्या त्या आरक्षणाला शासनाची मंजुरी मिळाली ती २०१५ मध्ये. मधल्या काळात सरकारं बदलली, आयुक्त बदलले. अर्ज देणारी माणसं तीच राहिली. मंजुरीनंतरही ताबा, मोबदला, अतिक्रमण हे प्रश्न आहेतच. ओढ्यांचं तर त्याहून कठीण. नदीची निळी आणि लाल पूररेषा निदान नकाशावर असते: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान ओढ्यांना बहुतेक ठिकाणी तेवढंही संरक्षण नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, माणसं वाहून गेली. आपल्या भागातला ओढा जुन्या नकाशात किती रुंद होता आणि आज किती उरला आहे, हे भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशे काढून जुळवून पाहणं हे भूगोलाच्या किंवा स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज जमेल असं आणि अतिशय मोलाचं काम आहे.

कोर्टाबद्दल नवीन मंडळी फार लवकर विचारतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. मूळ अर्जाला सहा महिने आणि पर्यावरण मंजुरीसारख्या आदेशावरच्या अपिलाला ३० दिवस अशी मुदत असते, म्हणून तारखा लिहून ठेवा. पण आधी दिलेल्या हरकती आणि त्यांच्या पोचा नसतील तर वकील तरी कशावर उभा राहणार?

यातून पगार मिळतो का, हेही विचारलं जातं. बहुतेकांना मिळत नाही. नगररचना, वाहतूक नियोजन, पर्यावरण कायदा शिकलेल्यांना अभ्यास गटांत, सल्लागार संस्थांत नोकऱ्या मिळतात आणि प्रभागात काम केलेलं असेल तर तिथे ते दिसतं. बाकीच्यांनी आठवड्यातले दोन-तीन तास ठरवावेत आणि तेवढेच द्यावेत. पहिल्या सहा महिन्यांत रोज रात्री जागणारी माणसं दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत, हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि त्याचं वाईट वाटतं. एक विषय आणि एक प्रभाग घ्या. शहरभर पसरू नका.

आणि कागद जपा. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नगरसेवक बदलतात, आपल्यातले लोक गाव सोडतात. नवीन अभियंता आला की आमच्यातले दोघं जाऊन त्यांना भेटतात आणि प्रभागाची फाइल देतात: नकाशा, प्रलंबित कामं, आधीच्या पत्रांच्या तारखा, झालेल्या कामांचे फोटो. तीच फाइल आमच्या सामायिक फोल्डरमध्ये असते. नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी तिचा पासवर्ड दिला जातो, आणि पुढच्या कलम ३७ च्या जाहिरातीवर नजर ठेवायची पाळी त्याची असते.