वर्गात दिवाळी सांगायला जाताय? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: "मुलाच्या वर्गात दिवाळीबद्दल बोलायला बोलावलंय, कुणाकडे तयार पीपीटी आहे का?" असते ना. दरवर्षी तीच असते. पहिल्या स्लाइडवर लक्ष्मी, शेवटच्या स्लाइडवर "चला, सगळ्यांनी हात जोडू या." दहा मिनिटांत काम उरकायचं असलं की माणूस ती न वाचताच पुढे ढकलतो.

हात जोडायला लावणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ती मी स्वतः केली आहे.

मुलगी तिसरीत होती. मी आणि एक मैत्रीण बॅटरीच्या पणत्या, रांगोळीचे रंग आणि कुंकवाचा करंडा घेऊन सरकारी शाळेत गेलो. मुलं अशी रंगली की मैत्रिणीने त्यांना रांगेत उभं केलं, एकेकाला कुंकू लावलं आणि पडद्यावरच्या लक्ष्मीला नमस्कार करायला लावला. मी फोटो काढत होते. एका मुलाने बाहीने कपाळ पुसलं. मी ते पाहिलं, आणि लाजतोय म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी त्याच्या आईची ईमेल मुख्याध्यापकांकडे गेली. आरडाओरडा नव्हता, एकच प्रश्न होता: माझ्या मुलाकडून आज शाळेत कोणत्या देवाची प्रार्थना करून घेतली? पुढची दोन वर्षं त्या शाळेने सणांसाठी एकाही पालकाला वर्गात बोलावलं नाही.

मैत्रीण अजून म्हणते, "अगं, जबरदस्ती कुठे होती? नको त्याने हात जोडायचे नव्हते." नेमका हाच युक्तिवाद इथल्या सर्वोच्च न्यायालयात 1962 मध्ये पडला. न्यूयॉर्कची शालेय प्रार्थना अवघी 22 शब्दांची, कुठल्याच पंथाची नाही, आणि मुलाला गप्प बसायची किंवा बाहेर जायची मुभा होती. तरी चालली नाही. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातलं रोजचं बायबलवाचन गेलं. तिथेही पालकांची चिठ्ठी आणली की सूट होती. सगळा वर्ग रांगेत असताना आठ वर्षांचं पोर एकटं बाजूला होत नाही, हे कळायला वकील लागत नाही.

पण 1963 च्या त्याच निकालात हेही आहे की इतिहासाचा, साहित्याचा भाग म्हणून तटस्थपणे धर्म शिकवायला शाळेला मोकळीक आहे. आपल्याला बोलावतात ते त्या दारातून. म्हणून "इथे शाळेत देवाचं नावच काढायचं नाही" म्हणून घाबरणारेही चुकतात. लक्ष्मी कोण, तिची पूजा कोण करतं, का करतं, हे खुशाल सांगा. पूजा करून घेऊ नका. करंडा मी आजही नेते, झाकण घट्ट लावून हातोहात फिरवते.

दुसरी चूक भाषेची आहे आणि ती आपल्याकडून सहज होते. मराठीत "आम्ही" वेगळं, "आपण" वेगळं. इंग्रजीत दोन्हींना "वी". घरी बोलताना आपल्या मनात "आम्ही" असतं, पण वर्गात "वी प्रे टू लक्ष्मी" म्हटलं की पहिल्या बाकावरच्या मुलीला "आपण" ऐकू येतं. म्हणून मी "वी" टाकूनच दिलंय. "माझ्या आईच्या घरी", "बरेच हिंदू मानतात", "जैन लोकांची दिवाळी महावीरांच्या निर्वाणाची". तालीम करताना नवऱ्याला समोर बसवते. प्रत्येक "वी"ला तो टेबलावर टिचकी मारतो. पहिल्या खेपेला अकरा टिचक्या पडल्या होत्या.

तिसरी: "हा धर्म नाहीच हो, ही जीवनपद्धती आहे, विज्ञान आहे." ही पळवाट आपल्याच राज्यात अडवली गेली आहे. 1975-76 मध्ये न्यू जर्सीतल्या पाच हायस्कुलांत महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा ऐच्छिक विषय सुरू झाला, नाव "सर्जनशील बुद्धीचं शास्त्र". मंत्र घ्यायचा तर मुलांनी फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन पूजेला यायचं. शिक्षक गुरूंच्या तसबिरीपुढे संस्कृत स्तवन म्हणायचे. ही पूजा रविवारी, शाळेच्या आवाराबाहेर होत असे, तरी उपयोग झाला नाही. 1979 मध्ये अपील न्यायालयानेही तो धर्मच ठरवला. मला विचाराल तर बरोबर ठरवला. तसबीर, फुलं, स्तवन समोर असताना शास्त्र म्हणायचं म्हणजे आपल्याच पूजेची लाज वाटल्यासारखं झालं.

उलट कॅलिफोर्नियात एन्सिनिटासच्या शाळांनी योगातून संस्कृत नावं काढली, पद्मासनाला मांडी घालून बसण्याचं पोरकट इंग्रजी नाव दिलं, आणि तो वर्ग 2015 मध्ये अपिलात टिकला. मला ते नाव ऐकून हसू येतं, पण टिकला.

बाकीच्या किरकोळ. वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलाला "तू सांग रमजानचं" म्हणू नका, तो काही राजदूत नाही. नासाचे दाखले नकोत. "आमचा धर्म सर्वात जुना" नको. तुमच्या मुलीने परीक्षेआधी मनातल्या मनात गणपतीस्तोत्र म्हटलं तर तो तिचा हक्क आहे, उगाच अडवू नका. आणि हे सगळं सरकारी शाळांचं. खासगी शाळेचे नियम तिलाच विचारा.

खाऊ नेणार असाल तर आधी ऑफिसला विचारा. कुंकवाबद्दल ईमेल येते, चिवड्यातल्या शेंगदाण्यांसाठी नर्स धावत येते.