सर्व्हर रीबूट केला आणि सगळं गेलं? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी शनिवारी रात्री मी एका क्लायंटचा लिनक्स सर्व्हर रीबूट केला. कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट होतं, दोन मिनिटांचं काम. सर्व्हर परत आला, पिंगला उत्तर देऊ लागला, पण वेबसाइट बंद. पाहिलं तर सर्व्हिसच (मागे चालणारा वेबसाइटचा प्रोग्रॅम) सुरू नव्हती. ती सुरू केली तर फायरवॉल वाट अडवून बसलेली. पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडला तर लोकांनी अपलोड केलेले सगळे फोटो गायब. बिघाड तीन दिसत होते, मूळ एकच होतं: वर्षभरापूर्वी कुणीतरी (म्हणजे मीच) हे सगळं नुसतं चालू करून ठेवलं होतं, कायम केलं नव्हतं.

सर्व्हिसचं प्रकरण सोपं आहे. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर आणि ‘एनेबल’ म्हणजे पुढच्या बूटला आपोआप चालू हो. एक केलं की दुसरं होत नाही. ‘एनेबल’ला ‘नाऊ’ हा पर्याय जोडला की दोन्ही एकदम होतात. हाताला तीच सवय लावून घ्या.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्स सिस्टिमवर फायरवॉलडी हा फायरवॉल सांभाळणारा प्रोग्रॅम असतो, आणि तिथे चूक दोन्ही बाजूंनी होते. नियम नुसता टाकला तर तो लगेच लागू होतो, पण रीलोड किंवा रीबूट झाला की पुसला जातो. ‘परमनंट’ लावून टाकला तर फाइलमध्ये लिहिला जातो, पण रीलोड करेपर्यंत लागू होत नाही. हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. माणूस नियम टाकतो, तपासतो, चालत नाही. मग आणखी दोन पोर्ट उघडतो, वैतागून एखादा नको तो झोन (नियमांचा गट) मोकळा करतो, आणि पुढच्या रीबूटला हे सगळे प्रयोग एकदम लागू होतात. माझं मत विचाराल तर आधी तात्पुरता नियम टाका, तपासा, आणि नीट चालला की ‘रनटाइम टू परमनंट’ने चालू स्थिती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवा. यात एक फायदा लपलेला आहे. चुकून स्वतःचंच एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट) बंद केलंत, तर कन्सोलवरून केलेला साधा रीबूट तुम्हाला परत आत घेतो.

फोटोंचं कोडं सुटायला मात्र रविवार उजाडला. ते वेगळ्या डिस्कवर होते. ती डिस्क मी हाताने माउंट केली होती, म्हणजे एका फोल्डरवर जोडली होती; बूटला कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये ओळ टाकली नव्हती. रीबूटनंतर माउंट गेला, पण ज्या फोल्डरवर तो बसायचा ते रिकामं फोल्डर मुख्य डिस्कवर तसंच होतं. अ‍ॅप्लिकेशनला फरक कळायचं कारणच नाही. ते रात्रभर निमूटपणे नवे फोटो त्या फोल्डरमध्ये लिहीत राहिलं, एकही एरर नाही. सकाळी मी डिस्क माउंट केल्यावर जुने फोटो परत आले आणि रात्रीचे नाहीसे झाले. खरं तर ते पुसले गेले नव्हते, माउंटच्या खाली झाकले गेले होते. मुख्य डिस्क भरलेली दिसते पण फोल्डरांची बेरीज जुळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथेच शंका घ्या. मुख्य फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर बाइंड माउंट केली (तिथूनही दिसेल अशी जोडली) की झाकलेलं सगळं दिसतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून एफस्टॅबमध्ये डिस्कचं नाव लिहू नका, यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. आजची ‘एसडीबी’ उद्या ‘एसडीसी’ होऊ शकते. रीबूटची वाट न पाहता ‘फाइंडमाउंट’च्या ‘व्हेरिफाय’ने ओळ तपासून घ्या. डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून बरेच जण ‘नोफेल’ लावतात. ते ठीक आहे, पण मग डिस्क न लागल्याचं कुणाला कळतही नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे: माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअ‍ॅटर’ने इम्युटेबल (बदलता न येणारं) करून ठेवा. डिस्क लागली नाही तर लिहिण्याचा प्रयत्न तिथेच फसतो आणि एरर दिसतो. गुपचूप चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरमध्ये खोटा धीर मिळतो. कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केला तर आतला डेटा राहतो, म्हणून वाटतं की तो टिकाऊच आहे. पण इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) अपडेट केली की जुना कंटेनर काढून दुसरा उभा राहतो. नवा गडी, नवं राज्य. जे ठेवायचं ते व्हॉल्यूममध्येच, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यातच हवं. आणि कंटेनर बंद करून काढणाऱ्या ‘कंपोज डाउन’ला ‘व्ही’ जोडताना दोनदा विचार करा, कारण ते नाव दिलेले व्हॉल्यूमसुद्धा उडवतं.

रीबूट करून पाहिलं, डेटा राहिला, म्हणजे झालं असंही नाही. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू या भाड्याच्या सर्व्हरवरचं इन्स्टन्स स्टोअर (मशिनसोबतची तात्पुरती डिस्क) रीबूटला टिकतं, पण मशिन स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं की रिकामं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरच्या अनेक विंडोज मशिनवर डी ड्राइव्ह तात्पुरता असतो. त्यात डेटा जाईल असं बजावणारी फाइलही ठेवलेली असते, तरी लोक तिथे डेटाबेस टाकतात!

लिहिलेलं लगेच डिस्कवर जातं हा समजही सोडा. लिनक्स आधी मेमरीत लिहून घेतो. मूळ सेटिंगमध्ये डेटा साधारण ३० सेकंद तिथेच राहू शकतो. कॉपी संपली म्हणून पेनड्राइव्ह उपटल्यावर फाइल अर्धवट निघते ती यामुळेच. प्रोग्रॅम तुम्ही लिहीत असाल तर महत्त्वाच्या फाइलवर ‘एफसिंक’ (मेमरीतलं डिस्कवर उतरव असा हुकूम) करा आणि त्याचा एररही तपासा.

उलटी चूकही होते. वेबसाइट दोन दिवस दुसरीकडे वळवायची असताना ३०१ रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा कोड) लावला जातो. ३०१ म्हणजे कायमचा, त्यामुळे ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला विचारतही नाही. तुम्ही रीडायरेक्ट काढलात तरी त्या माणसाला जुनाच रस्ता दिसतो, आणि त्याच्या ब्राउझरचा कॅशे (लक्षात ठेवलेला साठा) तुमच्या हातात नसतो. आपल्याकडे दुरुस्त झालंय की नाही ते ‘कर्ल’ या कमांडने तपासा. नवा रीडायरेक्ट लावताना आधी ३०२ (तात्पुरता) ठेवा, ३०१ नंतर कधीही करता येतो.